शोकगीत आणि रणगीत

२१ सप्टेंबर २००१ च्या रात्री अमेरिकेतील घराघरांत दूरचित्रवाणीवर एक विलक्षण कार्यक्रम दिसला. न्यूयॉर्कच्या जागतिक व्यापार केंद्राचे दोन मनोरे कोसळून तेव्हा अवघे दहा दिवस झाले होते. एरवी एकमेकींशी जीवघेणी स्पर्धा करणाऱ्या वाहिन्यांनी तो एकाच वेळी प्रक्षेपित केला. त्यात जाहिराती नव्हत्या, गायकांसमोर श्रोते नव्हते आणि म्हणून टाळ्याही नव्हत्या. मेणबत्त्यांच्या मंद उजेडात एकेक गायक येई, एक गाणे म्हणे आणि निमूटपणे दूर होई. त्याचे नावही पुकारले जात नसे. आरंभ ब्रूस स्प्रिंगस्टीन याने केला. ‘माय सिटी ऑफ रुइन्स’ या त्याच्या गीतात उद्ध्वस्त नगरीला पुन्हा उभे राहण्याचे आवाहन आहे. ते न्यूयॉर्कसाठीच रचले गेले असावे असे ऐकणाऱ्यांना वाटले. वस्तुतः ते गीत त्या आघातापूर्वीचे होते. न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरील ॲस्बरी पार्क या उतरती कळा लागलेल्या गावावर ते लिहिलेले होते. गाण्यातले शब्द तेच राहिले, गाव मात्र ऐकणाऱ्यांनी बदलले.

त्या रात्री जे घडले त्याकडे केवळ करमणुकीच्या इतिहासातील एक प्रसंग म्हणून पाहता येणार नाही. राष्ट्रावर आघात झाला की माणसे गाण्यापाशी का येतात, आणि आल्यानंतर ते गाणे त्यांना कोठे घेऊन जाते, हे प्रश्न त्या रात्रीने उभे केले. त्यांपैकी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास पुढे कित्येक वर्षे लागली.

बंडखोरांकडे आलेले काम

रॉक संगीताविषयी आपल्याकडील सुशिक्षित वर्गाचे मत फारसे अनुकूल नव्हते. कर्कश वाद्ये, वाढविलेले केस आणि वडीलधाऱ्यांचा उपमर्द, एवढाच त्याचा अर्थ अनेकांना ठाऊक होता. खुद्द अमेरिकेतही साठ-सत्तरच्या दशकांत ते सत्तेला आव्हान देणाऱ्या तरुणांचे संगीत मानले जाई. ४ मे १९७० रोजी ओहायो राज्यातील केंट स्टेट विद्यापीठात युद्धविरोधी निदर्शने चालू असताना नॅशनल गार्डच्या सैनिकांनी गोळीबार केला व चार विद्यार्थी मरण पावले. नील यंग याने त्या घटनेची छायाचित्रे पाहून ‘ओहायो’ हे गीत लिहिले आणि त्याच महिन्यात ते ध्वनिमुद्रित झाले. त्या गीतात मृतांविषयीचा शोक होता, तसाच राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्यावर नाव घेऊन ठेवलेला ठपकाही होता. राष्ट्राच्या एका भागाने दुसऱ्या भागाविरुद्ध गायिलेले ते गाणे होते.

एकतीस वर्षांनंतर हाच नील यंग २१ सप्टेंबरच्या कार्यक्रमात पियानोपाशी बसला आणि साऱ्या राष्ट्राच्या वतीने गायला. हा बदल कसा घडला? याचे एक कारण अगदी साधे आहे. रॉक ऐकत तरुण झालेली पिढी २००१ साली प्रौढ झाली होती. तीच आता कार्यालयांत काम करीत होती, शाळांत शिकवीत होती, अग्निशामक दलाच्या गाड्या चालवीत होती. दुसरे कारण अधिक खोल आहे. अनेक धर्मांच्या, अनेक वंशांच्या आणि अनेक भाषांच्या लोकांनी बनलेल्या समाजाला एकत्र म्हणता येईल अशी एकच प्रार्थना नसते. ज्याच्या त्याच्या देवळातील स्तोत्र ज्याचे त्याचे असते. सर्वांना तोंडपाठ असलेले गाणे मात्र सर्वांचे असते, आणि त्या पिढीला तोंडपाठ असलेली गाणी रॉकची होती. राष्ट्रगीताने ताठ उभे राहता येते. रडता येईल असे काही हवे असेल तर माणूस आपल्या तारुण्यातल्या गाण्याकडे वळतो.

नको म्हटलेली गाणी

त्या दिवसांत गाण्यांची धास्तीही अनेकांनी घेतली होती. देशभर हजाराहून अधिक नभोवाणी केंद्रे असलेल्या एका मोठ्या कंपनीत दीडशेहून अधिक गाण्यांची एक यादी फिरली. सध्याच्या परिस्थितीत ही गाणी लावणे अनुचित ठरेल, असा तिचा आशय होता. ही बंदी नव्हे, असा खुलासा कंपनीने केला. विमान, आग, पडझड, मृत्यू यांचा उल्लेख असलेली गाणी तीत असणे समजण्यासारखे होते. परंतु जॉन लेनन याचे १९७१ मधील ‘इमॅजिन’ आणि पॉल सायमन याने लिहिलेले १९७० मधील ‘ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर’ ही गाणीही तीत होती. पहिले गीत देशांच्या सीमा आणि धर्मांचे भेद नसलेल्या जगाची कल्पना करावयास सांगते. दुसरे गीत संकटातील मित्राला आधार देऊ करते. पहिल्याने धर्मनिष्ठ व देशनिष्ठ मने दुखावतील अशी भीती कोणाला वाटली असेल. दुसऱ्याने कोणाचे काय दुखावणार होते, हे सांगणे कठीण आहे.

गंमत अशी, की २१ सप्टेंबरच्या कार्यक्रमात ही दोन्ही गाणी गायिली गेली. ‘इमॅजिन’ नील यंगने म्हटले आणि ‘ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर’ स्वतः पॉल सायमनने. ज्याने ते गीत रचले तो लेनन १९८० च्या डिसेंबरात याच न्यूयॉर्क शहरात स्वतःच्या घरासमोर गोळ्या झाडून मारला गेला होता, ही गोष्ट ऐकणाऱ्यांना वेगळी सांगावी लागली नाही. काय गावे याची यादी समितीला करता येते, पण शोकाच्या वेळी लोकांना काय ऐकावेसे वाटेल ते तिला ठरविता येत नाही. एवढे तरी त्या रात्री स्पष्ट झाले.

यातून आणखी एक गोष्ट ध्यानात येते. त्या रात्री मनाला जाऊन भिडलेली बहुतेक गाणी जुनी होती. प्रसंगासाठी मुद्दाम रचलेल्या गीताला प्रसंगाचा अर्थ आधीच चिकटलेला असतो, आणि ऐकणाऱ्याला तो स्वीकारण्यावाचून गत्यंतर नसते. जुन्या गीतात मात्र मोकळी जागा असते. मुलगा गमावलेली आई आणि सहकारी गमावलेला कारकून त्याच एका कडव्यात आपापले माणूस आणून बसवू शकतात. माणसांना एकत्र आणण्याची शक्ती या मोकळ्या जागेत असते.

त्याच सभागृहात

२० ऑक्टोबर २००१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन या विशाल सभागृहात दुसरा मोठा कार्यक्रम झाला. त्यामागे पॉल मॅकार्टनी याचा पुढाकार होता. ११ सप्टेंबरच्या सकाळी तो न्यूयॉर्कच्या विमानतळावर विमानात बसलेला होता, आणि त्याचे वडील महायुद्धाच्या काळात लिव्हरपूल येथे स्वयंसेवक अग्निशामक होते. त्या आघातात न्यूयॉर्कच्या अग्निशामक दलाचे ३४३ जण मृत्यू पावले होते. म्हणून सभागृहातील मानाच्या जागा अग्निशामक दलाचे जवान, पोलीस, मदतकार्यातील लोक आणि त्यांचे कुटुंबीय यांना दिल्या होत्या. अनेकांच्या हातात गेलेल्या आप्तांची छायाचित्रे होती.

या सभागृहाशी भारतीयांचे जुने नाते आहे. तीस वर्षांपूर्वी, १ ऑगस्ट १९७१ रोजी, पंडित रविशंकर यांच्या विनंतीवरून जॉर्ज हॅरिसन याने येथेच बांगलादेशाच्या निर्वासितांसाठी दोन कार्यक्रम केले होते. आरंभी रविशंकर व अली अकबर खाँ यांची जुगलबंदी झाली होती आणि तबल्यावर अल्लारखा होते. त्या दिवशी गिटार वाजविणारा एरिक क्लॅप्टन २००१ च्या कार्यक्रमातही होता. रॉकच्या कलावंतांनी एवढ्या मोठ्या प्रमाणावर दुसऱ्याच्या आपत्तीसाठी एकत्र येण्याची प्रथा १९७१ च्या त्या दिवसापासून सुरू झाली, असे म्हणण्यास हरकत नाही.

महाराष्ट्राशी असलेला दुवा तर बहुतेकांना ठाऊकही नसेल. २००१ च्या त्या रात्री सभागृह सर्वांत जास्त दुमदुमले ते ‘द हू’ या इंग्रज वाद्यवृंदाच्या वेळी. त्यांनी म्हटलेल्या गाण्यांत ‘बाबा ओ’रायली’ हे १९७१ मधील गीत होते. या शीर्षकातील ‘बाबा’ म्हणजे पुण्यात जन्मलेले आणि अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगरजवळ मेहेराबाद येथे चिरविश्रांती घेत असलेले मेहेर बाबा. गीतकार पीट टाउनशेंड हा त्यांचा भक्त. मेहेर बाबांनी १९२५ च्या जुलैपासून १९६९ मध्ये देह ठेवीपर्यंत मौन पाळले. त्यांचे नाव धारण करणारे हे गीत मात्र कानठळ्या बसविणारे आहे. कित्येक आठवडे ढिगारे उपसून थकलेले जवान ते गीत चालू असताना उभे राहिले, ओरडले, नाचले आणि रडले. त्यांतील किती जणांना शीर्षकाचा अर्थ माहीत होता हा प्रश्न गौण आहे. त्यांना त्या घडीला गर्दीत मोकळे होण्याची गरज होती.

परंतु त्याच सभागृहात दुसरेही काही घडले, आणि ते विसरून चालणार नाही. स्वतःचा भाऊ आणि सहकारी गमावलेल्या एका अग्निशामकाने व्यासपीठावरून ओसामा बिन लादेनला शिवीवजा आव्हान दिले, तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढे रिचर्ड गिअर या अभिनेत्याने, या क्षणीची शक्ती सुडाकडे न वळविता करुणेकडे वळविता येईल, अशा अर्थाचे चार शब्द उच्चारले, तेव्हा श्रोत्यांनी हुर्यो उडवून त्यांचा निषेध केला. एकाच छपराखाली, एकाच रात्री, त्याच माणसांनी एकत्र अश्रू ढाळले आणि एकत्र सूडही मागितला. त्यांना दोष देणे उचित होणार नाही. ज्याच्या घरातले माणूस अद्याप ढिगाऱ्याखालून सापडलेले नाही, त्याच्याकडून समतोलाची अपेक्षा कोण करील? तथापि शोकातून जन्मलेली एकजूट दोन वाटांनी जाऊ शकते, हे त्या सभागृहात सर्वांसमोर दिसले. त्याच्या महिनाभर आधी, १५ सप्टेंबरला, ॲरिझोना राज्यात एका शीख दुकानदाराचा दाढी व पगडी पाहून खून करण्यात आला होता. ‘आपण सारे एक’ असे म्हणताना ‘सारे’ या शब्दात कोण येते आणि कोण वगळले जाते, हा प्रश्न तेव्हा केवळ तात्त्विक राहिला नव्हता.

नावे

त्यानंतर ३ फेब्रुवारी २००२ रोजी न्यू ऑर्लिन्स येथे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या मध्यंतरात ‘यू टू’ या आयरिश वाद्यवृंदाने आपली गाणी सादर केली. वाद्यवृंदाच्या पाठीमागे एक उंच पडदा होता आणि त्यावरून ११ सप्टेंबरला मरण पावलेल्यांची नावे खालून वर सरकत होती. सेनापती व हमाल, दलाल व स्वयंपाकी असा भेद त्या नावांत नव्हता. एकूण मृतांची संख्या २,९७७ होती. आकडा ऐकून माणूस चकित होतो. नावे वाचू लागला की गप्प होतो.

हा वाद्यवृंद आयर्लंडचा असावा याला अर्थ आहे. शोकाचे रूपांतर रणगीतात कसे होते हे त्यांनी घरी पाहिले होते. ३० जानेवारी १९७२ रोजी डेरी शहरात ब्रिटिश सैनिकांनी नागरी हक्कांच्या मोर्चावर गोळ्या झाडल्या. तेरा जण त्याच दिवशी मरण पावले. त्या रविवारचे नाव घेतलेले ‘संडे ब्लडी संडे’ हे गीत ‘यू टू’ने १९८३ मध्ये प्रसिद्ध केले. ते बंडाचे गाणे समजू नये, असे त्यांचा गायक बोनो श्रोत्यांना आवर्जून सांगत असे. ८ नोव्हेंबर १९८७ रोजी एनिस्किलन गावात युद्धातील मृतांच्या स्मरणसमारंभात आयरिश रिपब्लिकन आर्मीने बॉम्बस्फोट घडविला. त्याच रात्री अमेरिकेतील डेन्व्हर येथे हे गीत म्हणताना बोनो मध्येच थांबला. सातासमुद्रांपलीकडे सुरक्षित बसून मायदेशातील क्रांतीचे गोडवे गाणाऱ्यांना त्याने संतापून विचारले, की स्मरणासाठी जमलेल्या वृद्धांना मारण्यात कोणता पराक्रम आहे? आपल्याच बाजूच्या माणसांना हा प्रश्न विचारण्यास धैर्य लागते. शोकगीत रणगीत होऊ नये म्हणून गायकाला कधी कधी गाणे थांबवावेही लागते.

स्प्रिंगस्टीनने दुसरा मार्ग धरला. मनोरे कोसळल्यानंतरच्या दिवसांत रस्त्यातून जाणाऱ्या एका अनोळखी माणसाने गाडीची काच खाली करून त्याला, आता तुझी गरज आहे, अशा अर्थाचे काही सांगितले, ही हकीकत त्याने स्वतः पुढे अनेकदा सांगितली. वृत्तपत्रांतील मृत्युलेख वाचताना मृतांपैकी अनेक जण आपले श्रोते होते हे त्याच्या ध्यानात आले, आणि त्याने काही विधवांना दूरध्वनी केले. ३० जुलै २००२ रोजी त्याची ‘द रायझिंग’ ही ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. तिच्या शीर्षकगीतात धुरातून जिना चढत जाणाऱ्या अग्निशामकाचे मनोगत आहे. ‘यू आर मिसिंग’ या गीतात घरातल्या वस्तू जागच्या जागी आहेत, फक्त माणूस नाही. ‘वर्ल्ड्स अपार्ट’ या गीतात तर त्याने पाकिस्तानचे कव्वाली गायक असिफ अली खान आणि त्यांच्या साथीदारांचा आवाज आपल्या आवाजाशेजारी ठेवला. ज्या काळात मुसलमान माणसाकडे संशयाने पाहणे हीच देशभक्ती मानली जात होती, त्या काळात एका लोकप्रिय गायकाने हे करावे याचे मोल मोठे आहे. संपूर्ण ध्वनिमुद्रिकेत शत्रूचे नाव नाही. ती गेलेल्यांविषयी आणि मागे राहिलेल्यांविषयी आहे.

चिकटलेला अर्थ

याउलट मॅकार्टनीचे उदाहरण घ्यावे. आघातानंतर लगेच त्याने ‘फ्रीडम’ हे गीत रचले आणि मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील कार्यक्रमात गायिले. त्याचा हेतू निखळ होता. परंतु अफगाणिस्तानातील युद्ध चालू होते, इराकच्या युद्धाची तयारी होत होती, आणि स्वातंत्र्यासाठी लढण्याची भाषा राज्यकर्त्यांच्याही तोंडी होती. गीताला सैनिकी अर्थ चिकटला, असे मॅकार्टनीने पुढे सांगितले व ते गाणे म्हणणे सोडून दिले. कवीने एका अर्थाने सोडलेला शब्द जमाव दुसऱ्या अर्थाने उचलतो, आणि मग तो परत मागता येत नाही.

एकजुटीला आज्ञाधारकतेचे रूप आले की काय होते हे १९७० च्या पिढीने पाहिले होते. २००३ मध्ये ते पुन्हा दिसले. १० मार्च २००३ रोजी, इराकवरील हल्ल्याला काही दिवसच उरले असताना, टेक्सासच्या ‘डिक्सी चिक्स’ या तीन गायिकांच्या वाद्यवृंदातील मुख्य गायिकेने लंडनच्या कार्यक्रमात, राष्ट्राध्यक्ष बुश आपल्या राज्याचे आहेत याची आपल्याला लाज वाटते, असे म्हटले. अमेरिकेतील अनेक नभोवाणी केंद्रांनी त्यांची गाणी लावणे बंद केले. त्यांच्या तबकड्या लोकांनी जाहीरपणे नष्ट केल्या. तेव्हा लोकप्रियतेच्या शिखरावर असलेले त्यांचे गीत व्हिएतनाममध्ये मेलेल्या एका कोवळ्या सैनिकावर होते. सैनिकाच्या मृत्यूचा शोक करणाऱ्या गीताची गळचेपी सैनिकांच्याच नावाने व्हावी, याहून मोठा विपर्यास कोणता?

नील यंगचा प्रवासही याच प्रश्नाभोवती फिरतो. २००१ अखेरीस त्याने अपहृत विमानातील प्रतिकार करणाऱ्या प्रवाशांवर ‘लेट्स रोल’ हे गीत लिहिले. त्याच यंगने २००६ मध्ये इराक युद्धाचा निषेध करणारी ‘लिव्हिंग विथ वॉर’ ही ध्वनिमुद्रिका काढली. यात त्याने शब्द फिरविला असे म्हणणे सोपे आहे. परंतु १९७० मध्ये चार विद्यार्थ्यांसाठी, २००१ मध्ये विमानातील प्रवाशांसाठी आणि २००६ मध्ये युद्धात बळी जाणाऱ्यांसाठी तो बोलला. सत्तेविषयीचे त्याचे मत बदलत गेले असेल, मेलेल्यांची बाजू त्याने सोडली नाही.

आपल्याकडील श्रोत्याला हा फरक समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. १९६२ च्या युद्धातील मानहानीनंतर, १९६३ च्या जानेवारीत, दिल्लीत लता मंगेशकर यांनी ‘ऐ मेरे वतन के लोगों’ म्हटले. गीत प्रदीप यांचे, आणि चाल नगर जिल्ह्यातील पुणतांब्याच्या सी. रामचंद्र यांची. पराभवाच्या क्षणी शत्रूचा धिक्कार करणारी गाणी पुष्कळ निघाली असतील. पण साठ वर्षांनंतरही शाळेच्या पटांगणात म्हटले जाते ते हेच गीत, जे ऐकणाऱ्याला फक्त गेलेल्यांची आठवण ठेवावयास सांगते. वाद्ये निराळी, भाषा निराळी, परंतु काळाने केलेली निवड तीच आहे.

११ सप्टेंबर २०११ रोजी, दहाव्या स्मृतिदिनी, मनोऱ्यांच्या जागी बांधलेल्या स्मारकापाशी आप्तांनी एकेक करून सर्व नावे वाचली. दोन मोठ्या जलकुंडांच्या कठड्यांवर तीच नावे कोरलेली आहेत. तेथे पॉल सायमनने केवळ एका गिटारीच्या साथीवर ‘द साउंड ऑफ सायलेन्स’ हे आपले गीत म्हटले. त्या वेळी घोषणा झाल्या नाहीत. कठड्यांशी उभी असलेली माणसे स्तब्धपणे ऐकत राहिली. ते गीत पहिल्यांदा १९६४ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा त्या मनोऱ्यांच्या बांधकामाला सुरुवातही झालेली नव्हती.